गिरणीच्या भिंतीवरचे नियम

एका गावात एक भोळा बाप राहत होता. भोळे बाप त्या गावात आणखीही होते, पण त्यांची मुलं गावातच होती, त्यामुळे ते कुणाच्या लक्षात आलं नाही. ह्याची मुलगी डेन्मार्कला गेली आणि ह्याचं पितळ उघडं पडलं.

बापाचं नाव हणमंत शेडगे. गाव बोरजाईवाडी. हणमंत पिठाची गिरणी चालवायचा. माणूस सरळ. इतका सरळ की कुणी "बारीक दळ" म्हणालं की बारीक दळायचा, आणि कुणी "लवकर दे" म्हणालं की अर्धंच दळून लवकर द्यायचा. बायको शालन. तिला सगळं कळायचं, पण तिला कुणी विचारायचं नाही. मुलगी एकच, तृप्ती. ती हुशार निघाली. कुणावर गेली ते शालनला माहीत होतं.

तृप्ती दुधाचं शास्त्र शिकायला डेन्मार्कला निघाली. घरात म्हैस असताना दूध शिकायला एवढ्या लांब कशाला, असं गावाचं मत पडलं. हणमंताचंही मत तेच होतं, पण त्यानं मुलीपुढं ते काढलं नाही. त्याची चिंता वेगळीच होती. रोज संध्याकाळी गिरणी बंद झाली की तृप्ती त्याच्यासमोर बसून भाकरी खायची आणि तो बघत बसायचा. दिवसभर गावाचं दळायचं आणि संध्याकाळी आपल्या लेकीला खाताना बघायचं, एवढंच त्याचं सुख होतं. आता समोर कोण बसणार?

तेवढ्यात त्याला कळलं की साताऱ्यात परदेशी शिकणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी मार्गदर्शन शिबिर आहे. हणमंत गेला. हॉल भरला होता. मार्गदर्शनाला देवस्थळी मॅडम होत्या. एका आईनं विचारलं, विमानात लोणच्याची बरणी मांडीवर घेऊन बसता येतं का. एका वडिलांनी विचारलं, पहिलं वर्ष मुलाच्या आईला हॉस्टेलवर ठेवून घेतात का. मॅडमनी सगळ्यांना गोड उत्तरं दिली आणि शेवटी म्हणाल्या, "मुलांना निरोप देताना भावना मोकळ्या करा. मनात काही ठेवू नका." मग आपला नंबर दिला आणि म्हणाल्या, "काही अडलं तर केव्हाही फोन करा."

असं त्या प्रत्येक शिबिरात म्हणायच्या. खरंच फोन करणारा हणमंत पहिलाच.

जायचा दिवस आला. मुंबईच्या विमानतळावर हणमंतानं मनात काही ठेवलं नाही. तृप्तीच्या सामानाच्या ढकलगाडीला त्यानं मिठी मारली आणि खालीच बसला. आधी मोठ्यानं रडून घेतलं. मग सांगायला सुरुवात केली. तू जन्मलीस तेव्हा मी दवाखान्यात नव्हतो, म्हैस बघायला गेलो होतो. तुझी सायकल चोरीला गेली नव्हती, मी तिच्यावरनं ओढ्यात पडलो आणि ती मोडली. तुझ्या आईची वांग्याची भाजी मला लग्नापासून आवडत नाही.

शालन शेजारीच उभी होती.

रांगेतले लोक थांबून ऐकायला लागले. पहारेकरी आला. म्हणाला, "काका, गाडी सोडा आता."

"थांबा वाईच," हणमंत म्हणाला. "अजून मनात बरंच हाय."

तृप्तीनं मान खाली घातली आणि हळूच म्हणाली, "आप्पा, लोक बघायला लागल्यात."

मग शालननं नवऱ्याची बोटं एकेक करून गाडीवरून सोडवली आणि तृप्ती पळत पळत आत गेली. विमान मिळालं, पण थोडक्यात मिळालं. हणमंताच्या मनात तेवढं एकच वाक्य राहिलं. आपल्यामुळं लेकीला चारचौघांत खाली बघावं लागलं. पुन्हा असं होऊ द्यायचं नाही.

गावी आल्याआल्या त्यानं मॅडमना फोन लावला. सगळं सांगितलं.

"हणमंतराव," मॅडम म्हणाल्या, "असं नसतं करायचं."

"मग कसं करायचं असतं?"

"विमानतळावर हसायचं. हात हलवायचा. आणि मागं वळून न बघता सरळ घर गाठायचं."

"लिहून ठेवतो," हणमंत म्हणाला.

डब्यांवर नावं घालायचा खडू खिशातच होता. 'दळण रांगेनेच मिळेल' असं गिरणीच्या भिंतीवर रंगवलेलं होतं, त्याच्या खाली त्यानं ते लिहिलं. बोरजाईवाडीत विमानतळ नव्हता. त्यामुळं त्या नियमाला काही काम पडलं नाही आणि तो सगळ्यात वर तसाच राहिला.

मग फोन सुरू झाले. हणमंत सकाळी सहाला गिरणी उघडायचा आणि पहिला पट्टा फिरायच्या आत तृप्तीला फोन लावायचा. "उठलीस का?" तिकडं तेव्हा मध्यरात्र उलटून गेलेली असायची. ती उठायचीच. आठला विचारायचा, "जेवलीस का?" दहाला विचारायचा, "मगाशी काय जेवलीस?" मध्ये एखादं गिऱ्हाईक आलं तर त्यालाही फोन द्यायचा. पंधरा दिवसांनी तृप्तीला वर्गात डुलकी लागली आणि तिच्या सरांनी तिला तब्येत विचारली. तिनं ते आईला सांगितलं. शालननं नवऱ्याला सांगितलं. नवऱ्यानं मॅडमना सांगितलं.

"हणमंतराव, असं नसतं करायचं."

"मग कसं करायचं असतं?"

"आधी विचारायचं. आत्ता सोयीचं आहे का? वेळ आहे का? समोरचा हो म्हणाला तरच पुढं जायचं. नाहीतर आपण आपलं काम करायचं."

"लिहून ठेवतो."

दिवाळी झाली आणि शालनचे मामा वारले. शालन पहिल्या गाडीनं पुढं गेली. हणमंत गिरणी बंद करून निघालाच होता, इतक्यात त्याचं भिंतीकडं लक्ष गेलं. तो थांबला. मामांचा मुलगा वसंता, त्याला त्यानं फोन लावला.

"वसंतराव, आत्ता सोयीचं हाय का?"

"दाजी," वसंता रडत म्हणाला, "आमचं वडील गेलं ओ."

"ते कळलं. म्हणूनच इचारतोय. येऊ का? का गडबडीत हायसा? पुढल्या आठवड्यात जमंल का तुमास्नी?"

वसंतानं फोन ठेवला. वसंता हो म्हणालेला नव्हता. म्हणून हणमंतानं गिरणी पुन्हा चालू केली आणि आपलं काम केलं.

शालन दहाव्याला परतली आणि तेराव्यापर्यंत नवऱ्याशी बोलली नाही. हणमंतानं मॅडमना विचारलं, सोयीचं विचारलं तरी माणसं का चिडतात.

"हणमंतराव, असं नसतं हो करायचं."

"मग कसं करायचं असतं?"

"दुःखाच्या प्रसंगी कुणी बोलावत नसतं. ऐकलं की जायचं. जवळ बसायचं. आवाज खाली ठेवायचा. झालं ते झालं, आपल्या हातात काय असतं, धीर धरा, एवढंच म्हणायचं."

"लिहून ठेवतो."

हा नियम त्याला फार आवडला. गिरणी चालू असताना तो मनातल्या मनात घोकायचा. त्यामुळं जानेवारीत तृप्तीचा फोन आला तेव्हा तो तयार होता.

"आप्पा!" तृप्ती ओरडली. "निकाल लागला! मी वर्गात पहिली आले!"

हणमंतानं डोक्यावरची टोपी काढली. गिरणीचा पट्टा थांबवला. पिठाच्या पोत्याला टेकून खाली बसला आणि आवाज खाली नेला.

"झालं ते झालं, बाळ."

"आप्पा?"

"आपल्या हातात काय असतंय?"

"आप्पा, पहिली आले म्हणतेय मी. सगळ्यांत पहिली."

"तरण्या वयात एवढं सोसायचं म्हंजे..." हणमंतानं डोळे पुसले. "धीर धर. मी आत्ता येऊन तुझ्याजवळ बसलो असतो, पर लांब पडतं."

दळणाला आलेल्या दोन बायका ते ऐकून रडायला लागल्या. एकीनं घरी जाऊन सांगितलं की शेडग्यांच्या पोरीचं काहीतरी झालं. तासाभरात अर्धं गाव शालनच्या दारात येऊन आवाज खाली ठेवून बसलं. शालननं सगळ्यांना चहा पाजला आणि खरं काय ते सांगितलं. मग गिरणीत जाऊन नवऱ्यालाही सांगितलं.

"हणमंतराव," मॅडम म्हणाल्या, "असं नसतं करायचं."

"मग कसं करायचं असतं?"

"अहो, मुलीकडनं बातमी आली की पेढे वाटायचे! गावभर सांगायचं! छाती पुढं काढून!"

"लिहून ठेवतो," हणमंत म्हणाला, आणि आपण चुकलो याचं त्याला खरंच वाईट वाटलं. पुढची बातमी आली की कसर भरून काढायची, असं त्यानं ठरवलं.

पुढची बातमी महिन्याभरात आली. डेन्मार्कात सगळे सायकलीवर फिरतात आणि फेब्रुवारीत रस्त्यावर बर्फ असतो. तृप्ती सायकलीवरून घसरली आणि तिचा उजवा हात मोडला. मनगटाशी, दोन जागी. तिनं भीतभीत फोन केला. आप्पा घाबरतील असं तिला वाटलं.

हणमंतानं गिरणीला कुलूप लावलं, पेढ्यांचे पुडे आणले आणि वरच्या आळीपासून सुरुवात केली.

"हणमंतभाऊ, कशाचे पेढे?"

"तृप्तीचा हात मोडला!"

"आं? कंचा?"

"उजवा!" हणमंत छाती पुढं काढून म्हणाला. "आनि साधासुदा न्हाई. दोन जागी."

आता कुणी पेढा हातात ठेवला की काय बोलायचं, हे गावाच्या अंगवळणी पडलेलं असतं. लोक आपोआप म्हणाले, "व्वा, व्वा, नाव काढलं पोरीनं." तरुण मंडळानं त्याच दिवशी चौकात फ्लेक्स लावला. फ्लेक्सवर तृप्तीचा फोटो होता, मंडळाच्या अठरा पदाधिकाऱ्यांचे फोटो होते आणि मजकूर होता: 'बोरजाईवाडीची सुकन्या कु. तृप्ती हणमंत शेडगे हिचा डेन्मार्क येथे उजवा हात दोन ठिकाणी मोडल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक: समस्त ग्रामस्थ.'

फोन सगळ्यांकडे असतात. फ्लेक्सचा फोटो तृप्तीपर्यंत पोचला. ती प्लास्टरमधला हात दुखेपर्यंत हसली. खोलीतल्या मैत्रिणींनी विचारलं, काय लिहिलंय. तिनं ते सांगितलं नाही. मग हसताहसताच तिला गिरणी आठवली, पिठानं पांढऱ्या झालेल्या आप्पांच्या भुवया आठवल्या आणि ती रडायला लागली. एवढे महिने ती एकदाही रडली नव्हती. प्लास्टर असेपर्यंत प्रयोगशाळेत तिचा तसाही उपयोग नव्हता. तिनं सरांकडं तीन आठवड्यांची सुट्टी मागितली. सरांनी दिली.

इकडं हणमंत मॅडमना पेढ्यांचं सांगत होता. मॅडमनी फ्लेक्सचा मजकूर त्याच्याकडून दोनदा वदवून घेतला.

"हणमंतराव," शेवटी त्या म्हणाल्या, "असं, नसतं, करायचं."

"मग कसं करायचं असतं?"

"कुणाला सांगायचंच नाही! मुलीकडची बातमी आली की पोटात ठेवायची."

"बायकोला तर..."

"कुणालाही नाही! मी हात जोडते."

"लिहून ठेवतो."

दुसऱ्याच दिवशी तृप्तीचा फोन आला. "आप्पा, मी येतेय. गुरुवारी सकाळी अकराला मुंबईत उतरते. आईला सांगा आणि दोघंही या मला घ्यायला. एका हातानं एवढं सामान नाही ओढवायचं मला. आणि भाकरी न् आईचं वांगं आणा."

हणमंताला नाचावंसं वाटलं. तो नाचला नाही. त्यानं भिंतीकडं बघितलं आणि बातमी पोटात ठेवली. तीन दिवस ठेवली. पोटात बातमी असल्यामुळं त्याला जेवण जाईना. शालननं विचारलं, "काय होतंय?" तो म्हणाला, "सांगायचं न्हाई." बुधवारी त्यानं निवडलेली ज्वारी स्वतः दळली आणि पीठ घरी आणलं.

"भाकरी कर," तो शालनला म्हणाला. "डब्यात दे. आनि वांगं कर."

शालननं त्याच्याकडं बघितलं. विमानतळावरचं ती विसरली नव्हती. "तुमाला तर आवडत न्हाई."

"असू दे. कर."

"निघालाय कुठं?"

"मुंबईला."

"कशाला?"

"सांगायचं न्हाई."

गिरणीचा दगड झिजला होता, नवा आणायला जात असतील असं शालनला वाटलं. तिनं डबा भरून दिला. हणमंतानं तो धोतराच्या जुन्या फडक्यात बांधला, संध्याकाळची एसटी धरली आणि डबा मांडीवर घेऊन बसला.

गुरुवारी सकाळी आठपासून तो विमानतळाच्या दाराशी कठडा धरून उभा होता. अकरा वाजले. साडेअकरा वाजले. माणसं बाहेर यायला लागली. आणि मग तृप्ती दिसली. वाळली होती. उजवा हात गळ्यात अडकवलेला, डाव्या हातानं सामानाची ढकलगाडी रेटत होती, आणि ती तिरपी तिरपी जात होती. तिनं मान वर केली. तिला कठड्यापाशी तो दिसला.

"आप्पा!" ती ओरडली.

हणमंतानं डबा सावरला. त्यानं पाय उचलला. मग त्याला दिसलं की आजूबाजूला पुष्कळ लोक उभे आहेत आणि ते बघताहेत. आणि हा विमानतळ आहे.

दिवेलागणीला शालनचा फोन वाजला. ती चुलीपुढं होती.

"आई," तृप्तीचा आवाज आला, "आप्पा पोचले का गं घरी?"

"न्हाई अजून. मुंबईला गेल्यात. तुला कुनी सांगितलं?"

"मी साताऱ्याच्या स्टँडवर आहे. गाडीत सगळ्यांनी सामान चढवायला मदत केली मला. आता आपल्या गावची गाडी लागतेय. आप्पा फोन उचलत नाहीत, म्हणून जीवाला घोर लागला होता." मग ती म्हणाली, "आले की त्यांना काही बोलू नकोस."

"साताऱ्याच्या?" शालन म्हणाली. "कंच्या साताऱ्याच्या?" पण फोन बंद झाला होता. ती हातातलं पीठ तसंच ठेवून दाराशी आली.

समोर गिरणीचं दार उघडं होतं. हणमंत आत उभा होता. खडू घेऊन तो भिंतीवरच्या सगळ्यात वरच्या नियमापुढं बरोबरची खूण करत होता. इतक्या महिन्यांत भिंतीवर ती पहिलीच खूण होती. मग तो घरात आला आणि त्यानं डबा चुलीपाशी ठेवला. शालननं फडकं सोडलं. भाकरी जशीच्या तशी होती. वांगं जसंच्या तसं होतं.

"तृप्ती आली मुंबईला," हणमंत म्हणाला. "आता सांगाय हरकत न्हाई."

"आनि तुमी?"

"गेलो हुतो की विमानतळावर."

"मग?"

हणमंत उंबऱ्यावर बसला. सकाळपासून डोळ्यांत अडवून धरलेलं पाणी आता गालावर आलं, पण चेहरा शाबासकी मिळाल्यासारखा होता.

"या बारीला लेकीला खाली बघाय लावलं न्हाई बघ," तो म्हणाला. "तिला बघितलं. हसलो. हात हलवला. आनि सरळ घरची वाट धरली. हाका मारत हुती गं. आप्पा, आप्पा करत, एका हातानं गाडी ढकलत, पार रस्त्यापतोर माझ्या मागं पळत आली. काळीज तुटलं माझं. पर न्हाई वळलो मी!"